तुझी भाषा म्हशीला कळायची

माय, तू शेवटचं काय म्हणालीस ते मला कळलं. कधी कळलं माहीत आहे? तुला मातीत बसवून समोरची फरशी लावली, त्यानंतर. आता हे कळलेलं घेऊन मी कुणाकडे जाऊ? भांडायचं म्हटलं तरी तू नाहीस. सगळ्या जन्मात तू मला कधी पेचात पाडलं नव्हतंस, आणि जाता जाता पुरतं पाडलंस.

नांदेडच्या दवाखान्यात तुला आयसीयूत नेत होते. स्ट्रेचरच्या एका बाजूला दादा, एका बाजूला मी. ताप चढल्यापासून तू मराठी सोडूनच दिली होतीस. कानडी बोलत होतीस, आणि तीही लहान पोरीसारखी, भरभर, रडवेली. डॉक्टर म्हणाले, सोडियम कमी झालंय, म्हातारी माणसं अशी बडबडतात, मनावर घेऊ नका. आम्ही घेतलं नाही. दाराशी आम्हाला थांबवलं, तुझी गाडी पुढं सरकली, आणि जिला मान उचलवत नव्हती ती तू मान उचलून माझ्याकडं बघत ओरडलीस, "बागला हाकब्याड! बागला हाकब्याड!"

माझ्या पदराचं टोक तुझ्या मुठीत होतं. नर्सनं एकेक बोट सोडवलं. चांगली पोरगी होती, जपून सोडवलं. म्हणाली, "आजी पाणी मागत असतील." पाणी नव्हतं माय ते. पाण्याला नीरु म्हणतात एवढं मला येतं. पण मग काय होतं, ते येत नव्हतं. मी आपली मान डोलावली. "हो माय, हो हो," म्हणाले, रडणाऱ्या मुलाला म्हणतात तसं. दार लागलं. त्यानंतर तू बोलली नाहीस. भेटायच्या वेळेला आत सोडायचे तेव्हा तोंडावर मास्क आणि डोळे मिटलेले. पुढं तू गेलीस, दादानं सह्या केल्या आणि आम्ही तुला गावाकडं आणलं.

तुझी मुलगी असून मला तुझी भाषा येत नाही, हे मी आजवर गमतीनं सांगत आले. शाळेत शिकवायचे तेव्हा स्टाफरूममध्ये सांगायचे, आमच्या घरात आईची भाषा फक्त म्हशीला कळते. सगळे हसायचे. खोटं नव्हतं ते. देगलूरच्या पलीकडच्या तुझ्या माहेराहून तू मुखेडकडच्या या घरात आलीस ती एक म्हैस घेऊन. घर मराठी. आमच्या आजीनं पहिल्याच दिवशी बजावलं, "हे यंडुगुंडु आमच्या घरात चालायचं न्हाई." तू मान खाली घातलीस आणि मराठी शिकलीस. बैलांशी मराठी, नवऱ्याशी मराठी, लेकरांशी मराठी. कानडी उरली ती गोठ्यात. "बा, बा," म्हटलं की म्हैस यायची. "नीर कुडी," म्हटलं की पाण्याला तोंड लावायची. "सुम्न निंद्र," म्हणून थोपटलंस की धार काढेपर्यंत गप उभी. मी गोठ्याच्या दाराशी उभी राहून ऐकायचे आणि मला त्या म्हशीचा राग यायचा. तिच्याशी तू जसं बोलायचीस तसं आमच्याशी बोलायला तुला वेळच नव्हता.

ती गेली, तिची रेडी आली, तिचीही पुढं आली. गौरी, पुन्हा गौरी, पुन्हा गौरी. सगळ्यांना कानडी यायची. आम्हा दोघांना येत नव्हती.

एकदा मी हट्टच धरला होता, मला शिकव म्हणून. तू भाकरी थापत होतीस. परातीतलं पीठ पुढं ओढलंस आणि म्हणालीस, "कशाला? त्या भाषंत माझं काय चांगलं झालं न्हाई." मला वाटलं, माहेरच्या गरिबीबद्दल बोलतेस. पुढं विचारायचं राहिलं ते राहिलंच.

बापू एसटीत ड्रायव्हर. मुक्कामाची गाडी त्यांच्या नशिबाला चिकटलेली. आज देगलूर, उद्या किनवट. घरी आले की पाहुण्यासारखे, पाय धुवायला पाणी, ताटाला पाट. शेत तूच केलंस. पेरणीला तिफणीमागं तू, रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यायला तू, आजीचं अंथरूण धुवायला तू. दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडलीस आणि संध्याकाळी घरी येऊन आमच्या केसांना तेल लावलंस. तुझ्या तळहाताचा खरखरीतपणा माझ्या टाळूला अजून आठवतो. मला डी.एड.ला लातूरला पाठवायचं तेव्हा भावकीतले सगळे एक झाले होते, पोरीच्या जातीला कशाला म्हणून. तू कुणाशी वाद घातला नाहीस. सकाळी माझी पेटी डोक्यावर घेतलीस आणि फाट्यावर जाऊन उभी राहिलीस. त्यावर कोण काय बोलणार?

पण एका गोष्टीवर मात्र तू सगळ्यांशी वाद घालायचीस. दारावरून. आपल्या घराचं कवाड दिवसा कधी लागलं नाही. आपण शेतात, घर सताड उघडं. आजी चिडायची, "कुत्रं शिरतंय, मांजर शिरतंय, उद्या चोर शिरंल." बापू चिडायचे. रात्रीसुद्धा तू नुसतं लोटून घ्यायचीस, कडी घालायची नाहीस. बापूंनी कडी घातली की ते घोरायला लागल्यावर उठून काढायचीस. ते म्हणायचे, "गंगे, एक दिवस ह्या कवाडापायी आपलं घर धुवून जाईल." तू म्हणायचीस, "जाऊ द्या. कुनी आलं तर?"

कुनी आलं तर. हे तुझं ठरलेलं उत्तर. कोण येणार होतं आपल्याकडं? आम्ही समजायचो, बापू अवेळी येतात म्हणून. मग बापूही गेले आणि तरी कवाड उघडंच.

लातूरला माझ्याकडं मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आलीस तेव्हा आपलं किती कडाक्याचं भांडण झालं होतं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, मी शाळेत, हे ऑफिसात, आणि तू डोळ्याला हिरवी पट्टी बांधून दार उघडं टाकून बसलेली. मी येऊन बघते तर पाण्याचं फिल्टर विकणारा एक माणूस सोफ्यावर बसून तुझ्या हातचा शिरा खातोय. तो गेल्यावर मी ओरडले. "माय, हे लातूर आहे, तुझं खेडं नाही! कुणी गळा दाबून जाईल!" तू शांतपणे म्हणालीस, "नंदे, दार लावून बसाय आपून काय कोंबड्या हाव का?" मी रागानं कडी घातली. तू उठलीस, चाचपडत दाराशी गेलीस आणि काढलीस. पुन्हा मी घातली, पुन्हा तू काढलीस. शेवटी दोघी हसायला लागलो. तो वाद तिथंच राहिला, तुझं बरोबर की माझं, ते ठरलंच नाही.

आणि बांगड्यावाल्या. त्या तर मला आता छळतायत. मणेरणी गावात आल्या की इतर बायका त्यांना ओसरीवर बसवायच्या. तू आत न्यायचीस, थेट चुलीपाशी. आधी पाणी, मग चहा, मग भाकरी. बांगड्या भरायच्या राहिल्या बाजूला. "कुठली गं तू? मायचं गाव कंचं? मायच्या मायचं नाव काय?" बापू गेल्यावर तुला स्वतःला भरायच्या नव्हत्या, तरी नातींसाठी म्हणून घ्यायचीस आणि तेच विचारायचीस. दादा चिडवायचा, "माय मणेरणीत सोयरीक बघून राहिली." तूही हसायचीस. हसून पुन्हा विचारायचीस.

माय, मी शिक्षिका. आयुष्यभर मुलांना, नीट वाचा, पुन्हा वाचा, असं सांगत आले. तू समोर बसली होतीस आणि मला काही दिसलं नाही.

रझाकारांची गोष्ट तू सांगायचीस ती आम्हाला पाठ होती. मुक्तिदिनाला शाळेत तुला बोलावलं की लुगडं नीट करून खुर्चीवर बसायचीस आणि सांगायचीस. तुझ्या बापाचं किराण्याचं दुकान. रझाकार येऊन राहिले म्हणून बोंब उठली. बायकापोरींना बळदात घातलं, ज्वारी साठवायच्या त्या भिंतीतल्या अंधाऱ्या खोलीत, वरून कडबा टाकला. तू दहाएक वर्षांची. कुसळं नाकात जात होती आणि शिंकायची चोरी. बाहेर घोड्यांच्या टापा. आणि शेजारचा मणेर, तुझ्या मैत्रिणीचा, हुसेनबीचा बाप, बांगड्यांची टोपली घेऊन तुमच्या दारात उभा राहिला आणि त्यानं सांगितलं, "इस घर में कोई नहीं, सब परसों देगलूर गये." त्यामुळं वाचलो, असं तू म्हणायचीस. मुलं टाळ्या वाजवायची. तुझी गोष्ट दर वेळी तिथंच संपायची, आणि टाळ्या चालू असतानाच तू खुर्चीवरून उठायचीस. मला वाटायचं, लाजतेस.

आपल्यात माणूस जाळत नाहीत. बापूंच्या शेजारी, शेतातल्या बांधालगत खड्डा घेतला, त्याच्या आत बाजूला तुला बसण्याजोगी जागा कोरली. तुला बसवलं. कपाळाला विभूती लावली. गळ्यातलं लिंग काढून तुझ्या डाव्या हातावर ठेवलं, बेलाची पानं घातली. स्वामी मंत्र म्हणत होते. तू इतकी लहान दिसत होतीस. मग दादानं आणि भावकीतल्या पोरांनी तुझ्यासमोर फरशी उभी केली आणि माती ओढायला सुरुवात झाली.

तेवढ्यात इरण्णामामा आले. तुझा धाकटा भाऊ, तुझ्या माहेरचं शेवटचं माणूस. देगलूरची गाडी उशिरा सुटली होती. फाट्यावरून चालत आलेले, धापा टाकत होते. तुझं तोंड बघायला मिळालं नाही म्हणून बांधावरच खाली बसले. मी पाणी दिलं. म्हणाले, "नंदा, शेवटाला अक्का काय म्हनली?"

मी म्हटलं, "कानडीत काहीतरी म्हणाली मामा, आम्हाला समजलं नाही." आणि जसं ऐकलं होतं तसं म्हणून दाखवलं. बागला हाकब्याड.

मामांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "कवा म्हनली?"

"दवाखान्यात. आत नेत होते तेव्हा. दार लावताना."

"कवाड लावू नगा, म्हनली ती," मामा म्हणाले. "कवाड लावू नगा."

माय, त्यानंतर मी काय केलं ते गावाला वर्षभर पुरेल. मी धावले. चप्पल कुठं गेली माहीत नाही. खड्ड्याच्या काठाशी जाऊन ओरडले, "दादा, थांब! फरशी काढ! ती नको म्हणाली होती! दार लावू नका म्हणाली होती!" दादानं फावडं हातात धरून माझ्याकडं बघितलं. "येडी झाली का गं तू?" मी खाली उतरायला लागले. बायकांनी धरलं. कुणी म्हणालं, "रडू द्या तिला, आतापर्यंत रडली न्हवती." कुणी डोक्यावर पाणी मारलं. मला रडायचं नव्हतं. मला ती फरशी काढायची होती. नुसती थोडी बाजूला. तू आत बसली होतीस, हातात लिंग घेऊन, आणि मी पुन्हा तुला "हो हो" म्हणून बाहेर उभी होते. स्वामी म्हणाले, "लेकी, आता ते दार उघडत नसतं." माती पडत राहिली.

दुपारी घरी लिंबाखाली मामांनी उरलेली गोष्ट सांगितली. शाळेत तू कधी न सांगितलेली.

"म्या चार-पाच सालाचा व्हतो. मला लई आठवत न्हाई. पन ते आठवतंय," मामा म्हणाले. "मिलिट्री आली. रझाकार पळाले. लोक म्हनले सुटलो. मंग उलटं सुरू झालं. ज्यानं केलं तेबी, ज्यानं न्हाई केलं तेबी, मुसलमान दिसला की धरा. आमच्याच गावातली लोकं. अक्का उंबऱ्यात बसली व्हती. तिनं बघितलं, गल्लीतून हुसेनबी पळत यायलीय, मागं तिची माय. आमच्याच घराकडं. आप्पानंबी बघितलं, आमच्या बापानं. आप्पा उठला आन् कवाड लावाय लागला. अक्का त्याच्या पायाला झोंबली. तेच वरडत व्हती. बागला हाकब्याड आप्पा, बागला हाकब्याड."

"मग?"

"मंग काय. लावलं. कडी घातली आन् पाठ लावून बसला. हुसेनबी भाईर. कवाड वाजवून राहिली, 'गंगा, गंगा' करून राहिली. मायनं अक्काच्या तोंडात पदर कोंबला. आप्पा रडत व्हता नंदा. रडत व्हता पन उठला न्हाई. त्यालाबी लेकरं व्हती ना घरात." मामांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मंग वाजायचं थांबलं."

मी विचारलं, त्यांचं काय झालं पुढं?

"कुनी म्हने जहीराबादकडं गेले. कुनी म्हने हैदराबादला. जास्ती लोक कायच म्हनत न्हवते. आप्पा जिता असेस्तोवर अक्कानं त्याच्या हातचं पानी घेतलं न्हाई. लग्न झाल्यावर माहेराला बी येईना."

म्हणजे बापूंशी, आजीशी, माझ्याशी, दारावरून तू भांडलीस ते हे. म्हणजे मणेरणींना मायच्या मायचं नाव विचारत होतीस ते हे. इतकी वर्षं तू शेत ओढलंस, घर ओढलंस, आणि सोबत ही एक पोरगी दाराबाहेर उभी. आम्हाला एका शब्दानं का सांगितलं नाहीस गं? इतके का आम्ही परके होतो? मी तुझ्यासोबत शोधायला आले असते. जहीराबादला गेले असते, हैदराबादच्या गल्ल्यांतून फिरले असते. मला राग येतो तुझा. गौरीला सांगितलं असशील तू. धार काढताना सगळं सांगितलं असशील तिला.

आणि मग मला दवाखान्यातलं दार आठवतं. त्या दिवशी गावात तू दाराच्या आत होतीस आणि हुसेनबी बाहेर. नांदेडला आत तू होतीस आणि बाहेर मी. माझ्याकडं बघून ओरडलीस तेव्हा तुला कोण दिसत होतं? मला आत घे म्हणत होतीस, की मला बाहेर सोड? माझा पदर धरला होतास, की तिचा? मामांना विचारलं. ते म्हणाले, "आता कोन सांगंल ते?" डॉक्टर सांगणार नाहीत, दादा सांगणार नाही, आणि तू तर त्या फरशीमागं बसली आहेस. आंघोळीला गेले की कुणी दार वाजवतंय असं वाटतं आणि मी ओल्या अंगानं बाहेर येते. कुणी नसतं.

निघताना मामांना म्हटलं, मला दोन शब्द शिकवा. आत ये, याला काय म्हणतात? त्यांनी सांगितलं, "वळग बा." मी म्हणून बघितलं. मामा म्हणाले, "जमतंय की." जमणारच. "बा" मला येत होतं, गोठ्याच्या दाराशी उभी राहून मी ते शिकले होते. "वळग" तेवढं नवीन.

कार्य उरकून लातूरला परत आलेय. दिवेलागणीपासून फ्लॅटचं दार उघडं टाकून बसते. हे एकदाच म्हणाले, "डास येतात गं." समोरच्या वहिनींनी विचारलं, कुणी यायचंय का? मी म्हटलं, हो. जिन्यात पावलं वाजली की उठते. वरच्या मजल्यावरची मुलं असतात, कुरियरवाला असतो. मग पुन्हा बसते. कडीकडं हात जातो, सवयीनं, आणि मी तो मागं घेते. तुझं बरोबर होतं माय. तो वाद तू जिंकलीस. आता तरी ये.

जन्मभर तुला माय म्हणाले. आज तुझ्या भाषेत बोलावते. या घरात ती कुणाला कळत नाही, आणि आता गोठाही नाही. वळग बा, अव्वा. एकटी नको येऊस. हुसेनबी असली बरोबर, तर तिलाबी आण.